नाळेवरची राख

दवाखान्यात बाळंत व्हायचं तर सोबत काय काय न्यायचं, हे आमच्या वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. मांडवगणच्या शिवारातली आमची वस्ती म्हणजे मोजकी घरं, आणि त्यातली एकही बाई तोवर दवाखान्यात बाळंत झालेली नव्हती. त्यामुळे जी ती आपल्या अकलेनं सांगत होती. एकीचं म्हणणं, तिथं बाळंतिणीला थंड पाण्यानं न्हाऊ घालतात. दुसरी म्हणाली, तिथं पोरं सगळी एका खोलीत ठेवतात आणि सकाळी हाताला लागेल ते पोर आयांना वाटतात. ही बाई शिरूरच्या पुढं कधी गेलेली नव्हती, पण सांगत अशी होती की ती खोली जशी काही रोज तीच झाडते.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, हे सगळं ऐकून घेत आणि स्वतःला पटेल तेच गाठोड्यात बांधत. जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे, बाळंतशेपा, ओवा, डिंक, खोबऱ्याच्या वाट्या, शेकायला मातीची शेगडी. नवं कापड मात्र चिंधीएवढंही नाही, कारण पोटातल्या पोरासाठी आधीच नवं काही घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत. मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत, आत्ता नुसतं दौंडला नाव घालायला जायचंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

हे माझं तिसरं बाळंतपण. आधीचा मुलगा आणि त्याच्या मागची मुलगी, दोन्ही आठवड्याच्या आसपास गेली होती. दोन्ही धडधाकट जन्मली होती, हे मी आजही न विचारता सांगते. चांगली दूध प्यायची. पाचवी पुजून झाली आणि एक-दोन दिवसांत तोंड उघडेना. अंगावर घेतलं तर ओठ लावायची, पण जबडा मिटलेला. मग अंग ताठ व्हायचं, मागं वाकायचं, साधं भांडं वाजलं तरी झटका यायचा. वस्तीवर सगळ्यांनी एकच सांगितलं, सटवाईचं काहीतरी राहिलं. मी नवस बोलले, बिरोबाला अनवाणी जाऊन आले, उपास धरले. आपलंच काही चुकलं असेल म्हणून मी काय काय आठवून बघितलं, ते सांगायचीसुद्धा लाज वाटते.

माझी आई मी लहान असतानाच वारलेली. माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून आधीची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली, आत्याबाईंच्या हातानं. त्या वस्तीच्या सुईण होत्या. आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी. बहात्तरच्या दुष्काळात कळप विकला, दारात चार मेंढ्या राहिल्या आणि घर शेतीला लागलं, पण आत्याबाईंचे हात मेंढराचेच राहिले. आडवं आलेलं कोकरू त्या असं सोडवत की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. बाईचं बाळंतपणही त्या तसंच करत. बोलणं कमी, हात चालू. विळ्यानं नाळ कापायची, दोऱ्यानं बांधायची आणि वर मेंढीच्या लेंड्यांची राख दाबून भरायची. राखेनं कोकराची बेंबी खडखडीत वाळते, मग लेकराची का वाळू नये, असा साधा हिशेब. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

दुसरी पोर गेल्यावर माझे वडील दौंडहून आले. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. अंगणात बसले, चहा घेतला नाही. एवढंच म्हणाले की पुढचं बाळंतपण दौंडच्या दवाखान्यात होईल. मला वाटलं आता आत्याबाईंना राग येणार, त्यांच्या हातावरच बोट ठेवल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "न्या की. पर मी संगं येनार." मला तेव्हा त्यांचा मोठा आधार वाटला. आईच्या जागी त्याच होत्या. बाळंतपणात माझं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी केस विंचरले होते, आणि दोन्ही वेळा पोर पुरून आल्यावर माझ्याइतक्याच त्याही उपाशी राहिल्या होत्या.

तर नाव घालायला आम्ही दोघी दौंडला गेलो. दवाखाना लहानसाच होता, बाई डॉक्टर होत्या. त्यांनी मला तपासलं, पोटाला नळी लावून ऐकलं, आणि मग आधीच्या पोरांचं विचारलं. मी सांगत गेले. जबडा मिटायचा म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"नाळ कशानं कापली होती? आणि वर काय लावलं होतं?"

मी बोलणार तोच आत्याबाई पुढं सरकल्या. इतका वेळ त्या स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या. अखेर त्यांच्या कामाचं कुणीतरी काही विचारलं होतं. त्यांनी गाठोडं सोडलं, खोबऱ्याच्या वाट्यांच्या खालून एक फडकं काढलं आणि टेबलावर उलगडलं. आत विळा होता, दोऱ्याचं रीळ होतं आणि राखेची पुडी.

"ही बगा. आनलीच हाय मी संगं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हितं मिळंल न मिळंल."

बाईंनी त्याला हात लावला नाही. विळ्यानं एरवी काय कापता, असं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, गवत. राख कशाची? लेंड्यांची. ठेवता कुठं? मेंढरांच्या छपरात, कोनाड्यात. प्रत्येक उत्तर त्या हौसेनं देत होत्या. परीक्षेला बसल्यासारख्या, आणि सगळं येत असल्यासारख्या.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या मुलांना धनुर्वात झाला होता. तो यातूनच होतो. लेंड्यांत, शेणात, मातीतल्या विळ्यावर तो असतो, आणि कापलेल्या नाळेतून अंगात शिरतो." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. रोज दहा जणींना सांगावं तसं त्यांनी सांगितलं. समोरची म्हातारी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ही बाळंतपणं कुणी केली होती?

मी खाली बघितलं. मला ते नाव तोंडातून काढवेना.

"म्या," आत्याबाई म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दोन्ही. वस्तीवरली समदीच."

नर्सबाईंनी माझ्या दंडात धनुर्वाताची सुई टोचली, ती मला कळलीसुद्धा नाही. बाईंचा आवाज नंतर मऊ झाला. तुम्हाला माहीत नव्हतं, असं काहीतरी त्या आत्याबाईंना म्हणाल्या. आत्याबाई फडकं गुंडाळत होत्या.

बाहेर लिंबाखाली बाक होता, तिथं आम्ही बसलो. मला रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हे थांबवता आलं असतं. सटवाई नाही, नवस नाही, माझं काही चुकलेलं नाही. एक उकळलेलं पातं आणि थोडी स्वच्छता, बास. एवढ्यानं माझी दोन्ही पोरं आज अंगणात खेळत असती. इतकं साधं असेल तर माणसानं कुठं जाऊन डोकं आपटावं? आणि शेजारी तीच बाई बसलेली, जिच्या मांडीवर मी डोकं ठेवलं होतं.

आत्याबाईंनी गाठोड्यातलं सगळं माझ्या पुढ्यात काढून ठेवलं. शेपा, डिंक, खोबरं, तुकडे, शेगडी. विळा आणि पुडी तेवढी स्वतःकडे ठेवली. "तू बापाकडंच ऱ्हा," म्हणाल्या. "मी येत न्हाई आता." आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. मी त्यांना हाक मारली नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि तो साधा राग नव्हता. त्या पाठमोऱ्या दिसत होत्या तोवर मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

मग वडिलांच्या क्वार्टरमध्ये माझी तयारी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की कापड जुनं चालेल, पण उकळून कडक उन्हात वाळवलेलं हवं. मी उकळायला घेतलं ते थांबेचना. एकदा उकळलेले तुकडे मी परत उकळायची. रेल्वे कॉलनीत दोरीवर कपडे वाळत घालणं म्हणजे एक छळच. डबे हलवणारं शंटिंगचं इंजिन फुसफुसत गेलं की दोरीवर काजळी आणि बारीक राख उतरायची. कॉलनीतल्या बायकांना त्याचं काही नव्हतं, झटकायच्या आणि घड्या घालायच्या. मी मात्र शिट्टी ऐकली की सातव्या महिन्याचं पोट सावरत अंगणात धावायची आणि सगळे तुकडे गोळा करून आत आणायची. वडील म्हणाले, अगं, कोळशाची राख ती, तिनं काय होतंय? मी त्यांच्यावर असं ओरडले की बिचारे डबा न घेताच ड्यूटीवर गेले. शेजारच्या गँगमनच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. शेवटी त्यांनीच आपल्या घरात दोरी बांधून दिली आणि म्हणाल्या, घाल बाई इथं, नाहीतर इंजिनाखाली जाशील.

मुलगी झाली. कळांचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नर्सबाई नाळ कापायला वळल्या तेव्हा मी उठून बसायला लागले. कात्री कुठली, कुठून काढली, मला बघायचं होतं. त्यांनी मला दरडावून आडवी केली. पण मी बघितलंच, वाफाळत्या पातेल्यातून चिमट्यानं काढली होती. वर काही भरलं नाही. मी विचारलं, काय लावायचं? त्या म्हणाल्या, काही नाही, कोरडी ठेवायची. मला ते खरं वाटेना. बाई राउंडला आल्यावर मी त्यांना परत विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं.

घरी आल्यावर जे दिवस गेले, ते माझ्या शत्रूवरही येऊ नयेत. लेकरानं जांभई दिली की मी हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघायची. जांभई पूर्ण झाली, तोंड मोठं उघडलं, की मी रोखलेला श्वास सोडायची. झोपली असली तरी करंगळी धुऊन तिच्या ओठांत सारून बघायची, जबडा सैल आहे ना. ती बिचारी चोखायला लागायची. अंग ताणलं तर मी तिची पाठ चाचपायची. वहिनी आंघोळ घालायला यायच्या, त्यांना मी आधी दोनदा हात धुवायला लावायची. त्या न बोलता धुवायच्या. त्यांनी एकदाच सांगितलं, पोरीला दूध पाज, तिच्यावर पहारा करू नकोस. मी ऐकलं नाही.

पाचवी पुजली नाही. वडिलांनी विचारलं, मी नको म्हटलं. ज्या दिवसाची मला धास्ती होती तो जवळ येत होता, आणि त्याच सुमारास आमचे हे लेकराला बघायला आले. माझे मालक, आत्याबाईंचा एकुलता जगलेला मुलगा. पोरीला घेतलं, हसले, आणि लगेच त्यांचं तोंड उतरलं. मी विचारलं, घरी काय? तेव्हा त्यांनी सांगितलं.

दौंडहून परत गेल्यावर आत्याबाई बरेच दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. मग एका सकाळी डोक्यावरून पदर घेऊन निघाल्या आणि वस्तीतल्या पहिल्या घरात शिरल्या. ज्या बाईचं बाळंतपण त्यांनी केलं होतं आणि जिचं पोर गेलं होतं, तिला समोर बसवून विचारलं, तुझं पोर कसं गेलं ते सांग. तोंड मिटलं होतं का? मागं वाकत होतं का? ती हो म्हणाली. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या की मग ते सटवाईनं नाही नेलं, ते माझ्या हातानं गेलं. आणि उठून पुढच्या घरी. असं त्या वस्तीभर फिरल्या, मग गावात, मग शेजारच्या वस्त्यांवर. एका म्हातारीनं, जिचं पोर जाऊन एक जन्म लोटला होता, नव्यानं गळा काढला. एकीनं शिव्या देऊन अंगणाबाहेर काढलं. एकीनं, जी त्यांची लहानपणापासूनची सोबतीण, दार लावून घेतलं ते उघडलं नाही. लोक मुलाला सांगायला लागले, म्हातारीला आवर, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. आत्याबाई आवरत नव्हत्या. संध्याकाळी घरी येऊन न जेवता पडायच्या, सकाळी परत निघायच्या.

"तिची स्वतःचीबी गेली हुती," हे म्हणाले. "माज्या आधीची आन् मागची. ती म्हनती, तीबी मीच." मग पोरीकडे बघून म्हणाले, "मंग मी कसा वाचलो गं?"

ते गेल्यावर मी भिंतीला टेकून बसून राहिले. इतके दिवस मी मनातल्या मनात आत्याबाईंना काय काय सुनावत होते. शब्द जुळवून ठेवले होते, भेटल्या की तोंडावर फेकायचे. त्यांनी ते सगळे स्वतःच घरोघर जाऊन स्वतःला ऐकवले होते. तरी माझा राग गेला नाही, हेही खरं. उलट भीती वाटली, की ही बाई आता इथं येईल आणि माझ्या पोरीला हात लावील.

त्या आल्या. दुपारची वेळ होती, दार उघडं होतं. आधी मला त्यांची सावली दिसली. बाळंतिणीच्या घरी सासू येते ती दोन्ही हात भरून. लाडू, बाळंतविडा, टोपडं, निदान खोबऱ्याची एक वाटी तरी. आत्याबाई रिकाम्या आल्या होत्या. गाठोडं नाही, पिशवी नाही. दोन्ही हात पदराखाली घेतलेले. वाळून अर्ध्या झाल्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच बसल्या.

"दूध पिती का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"त्वांड उघडती?"

मी काही बोलायच्या आत पोरगी जागी झाली आणि रडायला लागली. घसा फोडून, आ वासून, टाळू दिसेल अशी. कॉलनीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात. मी तिला उचलणार होते, तर आत्याबाई म्हणाल्या, "रडू दे. वाईच रडू दे." आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. तेव्हा मला आठवलं, की आधीची पोरं ज्या ज्या दिवशी रडायची थांबली, ते दोन्ही दिवस आम्ही दोघींनी मिळून काढले होते. धास्तीचा दिवस कधीच मागं पडला होता, आणि मला ते त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मग मी रडले. पहिल्यांदाच, दवाखान्यातल्या त्या दिवसापासून.

पोरीला पाजून झाल्यावर त्यांनी विचारलं, बेंबी दिसेल का. लांबूनच. मी दुपटं बाजूला केलं. नाळ वाळून काळी पडली होती आणि आदल्याच दिवशी गळाली होती. खाली बेंबी कोरडी, स्वच्छ, गुलाबी. आत्याबाई उंबऱ्यावरून पुढं वाकल्या. कोकराकडे बघायच्या तशा, बारीक नजरेनं, बराच वेळ.

"काय लावलं हुतं?"

"काही नाही."

"आसं कसं? काय तरी लावलंच आसंल की. भुकटी, पानी, काय तरी."

"काही नाही, आत्याबाई. फक्त कोरडी ठेवायची. हात लावायचा नाही."

त्यांनी पोरीच्या पोटाकडे परत बघितलं. आपल्याला काहीतरी चांगलं औषध ठाऊक नव्हतं, एवढीच त्यांची इतके दिवस समजूत असावी. दवाखान्यात काहीतरी भारी, महागाचं लावत असतील, जे आपल्या वस्तीवर मिळत नाही.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "काईच करायचं न्हवतं?"

मी नाही म्हटलं.

"काईच करायचं न्हवतं," त्या परत म्हणाल्या, आता मला नाही. इतक्या वर्षांची सगळी पोरं, लेंड्या निवडून जाळणं, राख वस्त्रगाळ करणं, ती अंगठ्यानं हळूच दाबणं, पोराला दुखू नये म्हणून. मी त्यांना ते करताना बघितलं होतं. माझ्या मुलाच्या बेंबीवर राख भरताना त्यांनी त्याला कसं समजावलं होतं, तेही मला आठवत होतं. झालं हां, झालं, माज्या राजा.

मी उठले. पोरीला दुपट्यात घेतलं, उंबऱ्यापाशी गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. का ठेवलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग होताच. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. "नगं," म्हणाल्या, "नगं पोरी, घे तिला." हात पदरात आणखी आत ओढून घेतले. मी खाली बसले, पण पोरीला घेतलं नाही. त्या ताठ बसून राहिल्या आणि पोरगी त्यांच्या मांडीवर आधाराशिवाय पडून राहिली. तिनं पाय झाडले, एकदा, दोनदा, आणि गुडघ्यावरून उंबऱ्याकडे घसरायला लागली. मी हात पुढं करायच्या आत आत्याबाईंचे दोन्ही हात बाहेर आले होते.